शंभर अक्षरांमागे एक

पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी करून ज्या माणसाने तोंडाने एकदाही 'पाणी' हा शब्द उच्चारला नव्हता, त्याला कार्यालयात सगळे पंडित म्हणत. नाव थट्टेने पडलं आणि आदराने टिकलं. पंडितांचं काम मसुदे लिहिण्याचं. अमुक भागात दुरुस्तीसाठी नळ बंद राहतील, तमुक रस्ता आठवडाभर खणला जाईल, अशा सूचना, वरिष्ठांना जाणारी नम्र पत्रं, रागावलेल्या नागरिकांना जाणारी थंड उत्तरं, सगळं त्यांच्या हातून जाई. त्यांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या आडोशाला होतं. फोन तिथून चौदा पावलांवर. पंडितांनी ती पावलं मोजली होती आणि मगच टेबल निवडलं होतं.

त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं, असं सगळे म्हणत. पेन हवं असलं तर ते म्हणत, "जरा लेखणी देता?" पगार झाला की म्हणत, "वेतन जमा झालेलं दिसतंय." शिपायाला म्हणत, "घसा सुकला हो, थोडं जल मिळेल?" शिपाई पाण्याचा पेला आणून ठेवी आणि खाली जाऊन सांगे, "माणूस असावा तर असा. तहान लागली तरी भाषा सोडत नाही."

खरी गोष्ट वेगळी होती. पंडित अडखळत. 'प' आणि 'क' ही दोन अक्षरं त्यांची जन्माची वैरी होती. वाक्याच्या मधे आली तर कधी निसटून जात, पण सुरुवातीला आली की ओठ मिटायचे ते मिटूनच राहायचे, जीभ टाळूला चिकटायची ती सुटायचीच नाही.

नऊ वर्षांचे असताना वर्गात धडा वाचायला ते उभे राहिले होते. पहिला शब्द होता 'पहाट'. ओठ मिटले. वर्ग आधी शांत राहिला, मग एक जण हसला आणि मग सगळेच. बाई मनाने चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बस बाळ, घसा बसलाय तुझा." तो घसा पुढे वर्षभर बसलेलाच राहिला. घरी जाऊन पोराने विचार केला की 'सकाळ' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या दिवसापासून त्याने शब्दांची अदलाबदल सुरू केली. वीस वर्षांचे होईपर्यंत पंडितांना बोलताना पुढचे तीन शब्द आधीच दिसू लागले, गाडी चालवणाऱ्याला खड्डे दिसावेत तसे. दिसला खड्डा की ते अलगद वळण घेत. बघणाऱ्याला वाटे, काय डौलदार चाल आहे.

आता मराठीत 'प' अडला तर माणूस 'पण' म्हणू शकत नाही, म्हणजे हरकत घ्यायची सोय जाते. त्यावर 'मात्र' चालतं. 'क' अडला तर मात्र कशानेच चालत नाही. काय, का, कधी, कुठे, कोण, कसं, किती, सगळे प्रश्न त्या एकाच दारातून बाहेर पडतात आणि पंडितांचं नेमकं तेच दार बंद. त्यामुळे पंडितांनी आयुष्यात कुणाला फारसे प्रश्न विचारले नाहीत. याचा लोकांनी लावायचा तोच अर्थ लावला. मोठा समाधानी माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

लग्न ठरवताना मुलीनेच सगळं विचारलं आणि हे "हो", "नाही", "छान" म्हणत राहिले. मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली, "खोल आहेत." पुढे तीस वर्षं ती मैत्रिणींना सांगत आली, "यांनी मला एकदा म्हणून विचारलं नाही, कुठे गेली होतीस, का उशीर झाला, किती खर्च केलास. देवमाणूस." देवमाणसाला कॉफी फार आवडे. लग्नानंतर पहिल्याच सकाळी बायकोने विचारलं, "काय घेणार?" आणि देवमाणूस "चहा" म्हणाला. मग तीस वर्षं चहाच प्यायला.

मुलगी झाली तेव्हा बायकोने हौसेने नाव ठेवलं, ते नेमकं 'प'वरून. पंडितांनी पाळण्यापाशीच तिला 'चिमणी' म्हणायला सुरुवात केली. केवढा लळा, असं सगळे म्हणाले. लळा होताच. पण चिमणीला तिच्या खऱ्या नावाने बापाने कधी हाक मारली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट मात्र पंडितांच्या मनात सलत राहिली. चिमणी सतरा वर्षांची असताना एकदा बाहेरून आली, खोलीत गेली आणि पलंगावर पालथी पडली. पंडित दारात जाऊन उभे राहिले. "काय झालं?" एवढेच दोन शब्द हवे होते. त्या शब्दांना पर्याय नव्हता. पंडितांनी मिनिटभर जिभेशी झटापट केली, मग भिंतीवरचं बटण दाबून पंखा लावला आणि परत गेले.

कार्यालयात उपप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांनाच मिळणार होती. त्या खुर्चीत बसणाऱ्याला दर सोमवारी बैठक घ्यावी लागे, वीस माणसांना एकेक करून कामाचं विचारावं लागे. पंडित म्हणाले, "त्या खुर्चीसाठी माझ्याहून योग्य माणसं आहेत." त्यातल्या एका योग्य माणसाला ती मिळाली. तो पुढे प्रमुख झाला आणि दर वर्षी एकदा तरी भर बैठकीत सांगे, "निरिच्छपणा शिकावा तर पंडितांकडून." पंडित मान खाली घालत. तीही विनयात धरली जाई.

असं सगळं सुरळीत चाललं असताना चिमणीची मुलगी अडखळायला लागली.

नात पाच वर्षांची होती. आधी "म-म-मला" सुरू झालं, मग "आ-आ-आ-आई" आणि दोन महिन्यांत वाक्यागणिक दोन-दोन धक्के. तिला स्वतःला त्याचं काही नव्हतं. अक्षर अडलं की ती थांबे, डोळे मिचकावी आणि गाडी पुढे रेटी. दिवसभर तोंडाला टाळा नाही. काळजी मोठ्यांना होती. आजी म्हणे, "सावकाश बोल." जावयाची आई म्हणे, "श्वास घेऊन बोल." मग दोघी विहिणी फोनवर एकमेकींना अत्यंत गोड आवाजात सांगत की आमच्या घराण्यात हे कधी नव्हतं. पंडित शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत. पेपर पुष्कळदा उलटाही असे.

शेवटी चिमणीने स्पीच थेरपिस्टची वेळ घेतली. जावयाला सुट्टी नव्हती म्हणून पंडित आणि आजी सोबत गेले. खोली लहान होती. खाली सतरंजी, एक बुटकं टेबल, खेळण्यांची टोपली आणि कोपऱ्यात तीन पायांवर उभा कॅमेरा. थेरपिस्ट बाई तिशीच्या होत्या. त्यांनी नातीला "सावकाश बोल" म्हटलं नाही. घर घर खेळत तिच्याशी वीस मिनिटं गप्पा मारल्या आणि हातातलं छोटं मोजणीयंत्र टिकटिक करत राहिल्या. नातीने त्यांना शेजारच्या मांजरीची चार पिलं, आजीचं घोरणं आणि आईबाबांचं परवाचं भांडण, सगळं सविस्तर सांगितलं. चिमणीने मधे दोनदा खोकून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मग बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "घरात आणखी कुणी अडखळतं? किंवा पूर्वी कुणी?"

"आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी नाही," आजी म्हणाल्या. "आणि यांचं बोलणं तर विचारू नका. ऑफिसात पंडित म्हणतात यांना."

"हो का? बरं, तुमची नावं सांगा. सोबत आलेल्यांची लिहून ठेवते." आजींनी आपलं नाव सांगितलं. बाईंनी पंडितांकडे पाहिलं. पंडितांनी सवयीने खिशातून कार्ड काढून पुढे केलं.

नावाला दुसरा शब्द नसतो. अख्ख्या भाषेत माणसाला न टाळता येणारी ती एकच गोष्ट, आणि पंडितांचं नाव 'क'वरून होतं. म्हणून मसुदे लिहिणाऱ्या या कारकुनाने स्वतःच्या खर्चाने हजार कार्डं छापून घेतली होती.

बाईंनी कार्ड घेतलं, पण वाचलं नाही. "तुम्ही सांगा ना," त्या म्हणाल्या. नात खेळणं खाली ठेवून आजोबांकडे बघत होती.

पंडितांनी वळण शोधलं. सापडलं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली, मान ताठ झाली, डावा डोळा बारीक झाला. अकरा सेकंद गेले. अकरा सेकंद म्हणजे फार वेळ नव्हे, पण तेवढ्यात आजी खुर्चीतून उठल्या होत्या.

"अहो, काय होतंय? हात वर करून दाखवा बघू. चिमणे, यांना झटका आलाय. तोंड वाकडं झालंय बघ."

"झटका नाही," पंडित म्हणाले आणि त्यानंतर स्वतःचं नाव, तीन धक्क्यांत. मग जरा दम घेऊन म्हणाले, "मी अडखळतो. लहानपणापासून. सात नको, दोनच मागे जा. तिथे मीच आहे."

नात म्हणाली, "आ-आजोबा, तुम्ही डोळे मि-मिचकवा. मग येतं."

पुढच्या आठवड्यात पंडितांची स्वतःची तपासणी झाली. आधी बाईंनी एक उतारा वाचायला दिला, छापील, म्हणजे त्यात शब्द बदलायला वाव नाही असा त्यांचा समज. उतारा एका कुंभाराबद्दल होता. "कुंभार पहाटे उठून कालवलेली माती पायाने मळू लागला," असं पहिलं वाक्य. पंडितांनी ते वाचलं, "मडकी घडवणारा सकाळी उठून भिजलेली माती तुडवू लागला." आवाज स्वच्छ, चाल एकसारखी. शेवटी मान वर करून ते पाहतात तर बाई गालावर हात ठेवून बसलेल्या.

"इतकं सुंदर चुकीचं वाचन मी अजून ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकेचाळीस शब्द बदललेत."

"सवय आहे," पंडित म्हणाले.

मग गप्पा झाल्या, त्यातलेही धक्के मोजले गेले. मग प्रश्नावली आली, आठ पानांची. फोन घ्यायचं टाळता का? हवं ते सोडून जे म्हणता येतं तेच मागवता का? बोलावं लागेल म्हणून कामाची संधी सोडली आहे का? घरच्या माणसांशी मनातलं बोलता का? एकेका प्रश्नापुढे एक ते पाच आकडे, त्यातल्या एकाला गोल करायचा. पंडितांनी पाचाला गोल करत करत शेवटचं पान गाठलं. तिथे 'आणखी काही सांगायचं असल्यास' असं लिहून चार ओळी सोडल्या होत्या. त्यांनी जादा कागद मागून घेतले आणि एक मसुदा लिहिला. विषय, संदर्भ, मुद्दा क्रमांक एक ते एकोणीस, उपमुद्दे वेगळे. मुद्दा क्रमांक चौदा कॉफीचा होता. सोळावा, पंख्याचा.

निकाल सांगायला बाईंनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी मांडले. नातीचा आकडा होता शंभर अक्षरांमागे अकरा. तीव्रता मध्यमाहून जास्त. तिच्या जगण्यावर परिणाम, जवळजवळ शून्य. वर्गात हात वर करते, अनोळखी माणसांशी बोलते, बोलायला आवडतं का विचारल्यावर "हो" म्हणून वर एक गोष्ट सांगते. आजोबांचा आकडा शंभर अक्षरांमागे एक. तीव्रता नगण्य. परिणाम अतितीव्र.

"नुसता आकडा पाहिला असता तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं," बाई म्हणाल्या. "शाळेत पहिला नंबर आलाय म्हणून."

"मग आता उपाय..."

"तुम्ही अडखळायला शिकायचं. शब्द बदलायचा नाही. अडला तर अडू द्यायचा, समोरच्याकडे बघत. रोज पाच वेळा, मुद्दाम."

पंडितांनी आपला अहवाल उचलून पुन्हा वाचला. सत्तेचाळीस वर्षांच्या मेहनतीवर कुणी असं दोन वाक्यांत बोळा फिरवला तर माणूस पुन्हा वाचणारच.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "चहा टाकू?" पंडित तिच्याकडे बघत म्हणाले, "क-क-क-कॉफी."

बायकोने गॅस बंद केला. त्या बाईंकडे पहिल्यांदा जाऊन आल्यापासून ती घुश्शातच होती, आता फुटली. "तीस वर्षं तुम्ही मला फसवलंत. मी जगाला सांगत फिरले, शांत माणूस मिळाला म्हणून. मला वाटायचं, तुम्हाला माझ्याविषयी काही जाणून घ्यायचंच नाही. मग मीच ठरवलं की हा चांगुलपणा आहे. नाहीतर करणार काय होते?"

पंडितांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला विचारावं लागलं असतं. ते जाऊन ओट्यापाशी उभे राहिले. तिने थोड्या वेळाने गॅस परत पेटवला आणि कॉफी केली, पण साखर घातली नाही.

मग पंडित प्रश्न विचारू लागले. बायको बाहेरून आली की, "क-कुठे गेली होतीस?" फोन ठेवला की, "को-कोण होतं?" बायकोने आठवडाभर कौतुकाने उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात तिने लेकीला सांगितलं, "या वयात चौकश्या सुरू झाल्यात. आधीचे बरे होते गं." तरी उत्तरं देणं तिने सोडलं नाही, आणि दुपारी घडलेलं संध्याकाळी सांगायला राखून ठेवू लागली, हे पंडितांच्या लक्षात आलं.

कार्यालयात वेगळाच गोंधळ झाला. पंडितांनी शिपायाकडे "पा-पा-पाणी" मागितलं तेव्हा शिपाई हातातला ट्रे तिथेच ठेवून धावत खाली गेला. तासाभरात सगळ्या मजल्यांवर बातमी होती की पंडितांना झटका येऊन गेला आणि ते तसेच कामावर आलेत. लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले, त्यांची वाक्यं पुरी करू लागले आणि बहुतेक चुकीची पुरी करू लागले. प्रमुखांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"रजा घ्या, पंडित. तब्येतीपुढे काम मोठं नाही."

"साहेब, मी आजारी नाही. मी आधीपासूनच अडखळत होतो. प-पण लपवत होतो."

प्रमुखांना ते पटलं नाही. पटवून घेणं त्यांना परवडणारंही नव्हतं, कारण मग दर वर्षीच्या त्या निरिच्छपणाचं काय करायचं? ते कळवळून म्हणाले, "पूर्वी तुम्ही 'जल' म्हणायचात. ऐकून बरं वाटायचं हो."

महिन्याभराने चिमणी एकटी आली होती. बायको शेजारी गेलेली. पंडितांनी बरेच दिवस तयारी केली होती. आधी त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली. 'प'वर चार धक्के बसले. चिमणी दचकली आणि मग नुसतीच हसली.

"तू सतरा वर्षांची असताना, एकदा रडत आली होतीस. क-काय झालं होतं?"

तिला आठवायला वेळ लागला. "तो पंखा लावून गेलात तो दिवस? बाबा, ते काही नव्हतं. मैत्रिणीशी भांडण. आई खोदून खोदून विचारत बसायची, तुम्ही आपला पंखा लावलात नि गेलात. मला इतकं बरं वाटलं होतं."

पंडितांना हायसं वाटलं आणि जरा चुकल्यासारखंही. ज्या दिवसाचं ओझं त्यांनी इतकी वर्षं वाहिलं, त्या दिवशी त्यांच्या हातून काही चुकलंच नव्हतं.

"विचारायचं होतं ते मी चित्रकलेचं शिक्षण अर्ध्यात सोडलं तेव्हा," चिमणी सहज म्हणाली. "मी चार दिवस तुमच्या आजूबाजूला घुटमळत होते. का सोडतेस, असं कुणी एकदा विचारलं असतं ना, तर सोडलं नसतं मी."

ते घुटमळणं पंडितांना आठवेना. त्या चार दिवसांत आपण बहुधा पेपर वाचत असू. त्यांनी विचारलं, "का सोडलंस?" आणि 'क' त्या वेळी अजिबात अडला नाही. चिमणी सांगत बसली. संध्याकाळ झाली तेव्हा तिचं निम्मंच सांगून झालं होतं. उरलेलं ती पुढच्या रविवारी येऊन सांगून गेली.

सहा महिन्यांनी दोघांची परत मोजणी झाली. नात अकरावरून चारावर आली होती आणि तिचं बोलणं आणखी वाढलं होतं. पंडित एकावरून नवावर गेले होते. बाईंनी दोघांच्याही अहवालात 'उत्तम प्रगती' असा शेरा मारला. आजींनी नातीचा अहवाल विहिणीला वाचून दाखवला. आजोबांचा दाखवला नाही, कारण तो कुणाला समजावून सांगणं त्यांना शक्य नव्हतं.

नोकरीची तीन वर्षं उरली होती. पंडितांनी अर्ज केला की मला तक्रारींच्या फोनवर बसवावं. तिथे आपणहून जायला कुणी तयार नसे, त्यामुळे अर्ज दुसऱ्याच दिवशी मंजूर झाला. पहिल्याच फोनवर एक बाई ओरडल्या, "हॅलो, आवाज तुटतोय तुमचा."

"लाइन ठीक आहे, बाई. मी तोतरा आहे. क-काय तक्रार आहे, सांगा."

बाई एकदम वरमल्या. मग चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, खालचे पंप लावतात, मुलगा लक्ष देत नाही, गुडघे दुखतात, सगळं त्यांनी सांगितलं. पंडित मधून मधून "मग?", "क-कधीपासून?" म्हणत राहिले. फोन बावीस मिनिटं चालला.

महिनाअखेरीस आकडे लागले. इतर कर्मचाऱ्यांच्या एका फोनला सरासरी चार मिनिटं, पंडितांच्या एका फोनला अकरा. प्रमुखांनी लेखी खुलासा मागवला. पंडित लेखी काही न देता सरळ केबिनमध्ये गेले, समोर बसले आणि एकही शब्द न बदलता सगळा खुलासा तोंडी केला. त्याला अर्धा तास लागला. प्रमुखांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा वाक्य पुरं करायचा प्रयत्न केला, तोही चुकला. त्यानंतर आकडे दर महिन्याला लागत राहिले, पण खुलासा पुन्हा कुणी मागितला नाही.